पहिलं ट्रेनर विमान स्वतः बांधायचंय – आधी काय घ्यावं?

कागदी_विमान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात असलेली गोष्ट यंदा करायचीच असं ठरवलंय: रेडिओवर उडणारं ट्रेनर विमान. तयार आणून उडवायचं नाही, पाटावर नकाशा पसरून स्वतः बांधायचं. लाकूडकामाची सवय आहे, सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं. उडवण्याचा अनुभव मात्र अजिबात नाही.

यादी करायला बसलो आणि अडकलो. मोटरवर १००० केव्ही लिहिलेलं, बॅटरीवर ३एस, २२००, २०सी. कुणी म्हणतं इंजिन घ्या, कुणी म्हणतं मोटर. तीन चॅनल पुरतात की चार हवेत? बाल्सा (ते अगदी हलकं लाकूड) की फोम? आणि यातलं आधी काय घ्यायचं? एकदा घेतलेली वस्तू पुढच्या विमानालाही चालावी, एवढीच अपेक्षा आहे.

बाल्साचा_भुसा

बांधायचं आहे म्हणालात, फार बरं वाटलं. आता लोक खोक्यातून काढून थेट उडवतात. त्यात वाईट काही नाही, पण आपल्या हाताने चिकटवलेली फासळी हवेत भार पेलताना बघण्याचं सुख वेगळंच.

खरेदीचा क्रम सांगतो, कारण बहुतेक लोक तो उलटा करतात. विमान सगळ्यात शेवटी. आधी ट्रान्समीटर, कारण पुढची दहा विमानं मोडली तरी तो हातात राहणार. त्यात कंजुषी नको. २.४ गिगाहर्ट्झचा, निदान सहा चॅनलचा, एकापेक्षा जास्त मॉडेलच्या सेटिंग लक्षात ठेवणारा, आणि मुख्य म्हणजे संगणकाला जोडता येणारा घ्या. त्याच दिवशी सिम्युलेटर सुरू करा. बांधकामाला दोन महिने लागतील, तेवढ्यात बोटं तयार होतील. विमान आधी बांधून झालं की धीर निघत नाही आणि माणूस सिम्युलेटर सोडून मैदानावर पळतो. मी तेच केलं होतं. पहिलं विमान अकरा सेकंदांत गेलं.

दुसरा चांगला चार्जर. मग हत्यारं, मग लाकूड.

सोल्डरगन

काकांच्या क्रमाला +१. विजेच्या भागाचं कोडं मी सोडवतो.

केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नाही. मोटरवर भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो आकडा. १००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर मोकळी फिरवली तर साधारण ११,१०० फेरे. प्रॉपेलर लावला की कमी. आकडा लहान असेल तर मोठा प्रॉप सावकाश फिरवायचा, मोठा असेल तर छोटा प्रॉप जोरात. ट्रेनरला पहिला प्रकार हवा.

३एस म्हणजे तीन सेल एकापुढे एक. सेल ३.७ व्होल्टचा, म्हणून ११.१. पूर्ण भरल्यावर सेलला ४.२, म्हणजे १२.६. २२०० ही मिलिअँपिअर-तासातली क्षमता. २०सी म्हणजे क्षमतेच्या वीसपट प्रवाह देऊ शकते असं बनवणाऱ्याचं म्हणणं: २.२ × २० = ४४ अँपिअर. छापलेल्या सी वर पूर्ण विसंबू नका, गरजेच्या दुप्पट असेल असंच बघा.

आता विमानाकडून उलटं मोजा. समजा १.३ मीटर पंखांचं, ११०० ग्रॅमचं ट्रेनर आहे. किलोला १५० ते २०० वॉट धरले की जमिनीवरून आरामात उठतं. म्हणजे साधारण २०० वॉट. ११.१ व्होल्टवर तेवढ्याला १८ अँपिअर लागतात. म्हणून ईएससी (बॅटरी आणि मोटरच्या मधलं, मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ३० अँपिअरचा. १८ लागतात म्हणून २० चा घेऊ नका, काठावर चाललेला ईएससी गरम होतो आणि हवेतच बंद पडतो. मोटरच्या कागदावर कुठल्या व्होल्टेजला कुठला प्रॉप चालतो याचा तक्ता असतो, तो न बघता मोठा प्रॉप लावलात तर मोटर आणि ईएससी दोन्ही जळतील.

एक वॉटमीटर घ्याच. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये लावायचा, विमान घट्ट धरून पूर्ण थ्रॉटल (मोटरचा जोर) द्यायचा, आकडा वाचायचा. अंदाज संपतो.

फोमशीट

मी थोडा विरोधी सूर लावतो. पहिलं विमान पडणार आहे. बाल्साचं पडलं की पंधरा दिवस दुरुस्ती, फोमचं पडलं की गोंद लावून अर्ध्या तासात परत मैदानावर. दोन्ही बाजूंना कागद असलेली फोमची शीट, कटर, धातूची पट्टी आणि गरम गोंदाची बंदूक एवढ्यावर एका शनिवार-रविवारात विमान उभं राहतं. हेही बांधणंच आहे की. मोटर, सर्व्हो (रडर-बिडर हलवणारी छोटी मोटर), रिसीव्हर सगळं एका पाटीवर बसवा आणि विमान मोडलं की पाटी काढून नव्या सांगाड्यात घाला.

साधा इन्स्टंट ग्लू फोमवर टाकू नका, फोम विरघळून खड्डा पडतो. फोमसाठीचा वेगळा मिळतो.

बाल्साचा_भुसा

फोमशीट यांचं म्हणणं मान्य आहे, अर्धं. शिकण्यासाठी फोम आणि समाधानासाठी बाल्सा, असं दोन्ही समांतर चालवता येतं. मोटर-सर्व्होचा संच एकच राहील. पण धागाकर्त्याला लाकूड हाताळायचं आहे, ते त्यांनी स्पष्ट लिहिलंय. त्यांना त्यापासून परावृत्त करू नका.

वाऱ्याकडे_तोंड

चॅनलबद्दल लिहिते, गेली काही वर्षं नवीन लोकांना उडवायला शिकवते आहे म्हणून.

चॅनल म्हणजे रेडिओवरून वेगळी हलवता येणारी एकेक गोष्ट. तीन चॅनल म्हणजे थ्रॉटल, एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी, नाक वर-खाली करते), रडर (शेपटीची उभी पट्टी). चौथा आला की एलेरॉन (पंखांच्या मागच्या पट्ट्या, विमान कलवतात). रडरने विमानाचं नाक फिरतं, मग ते वळतं कसं? पंख मधून वर उचललेले असतात, इंग्रजी व्ही सारखे. त्याला डायहेड्रल म्हणतात. नाक उजवीकडे गेलं की डावा पंख वाऱ्याला जास्त कोनात भेटतो, त्याची उचल वाढते आणि विमान आपोआप उजवीकडे कलतं. रेडिओच्या सुरुवातीच्या काळात, १९५० च्या दशकात, एकच बटण आणि पिळलेल्या रबराच्या जोरावर हलणारा रडर एवढ्यावर लोक विमानं उडवायचे. ते शक्य झालं ते याच पंखाच्या कोनामुळे.

तुम्ही बाल्सात बांधणार असाल तर पहिल्याला तीन चॅनल पुरेत. पंखात सर्व्हो नको, कापाकापी नको, पंख हलका राहतो, आणि स्टिक सोडली तर विमान स्वतःच सरळ होतं. नवशिक्याला याहून मोठी मदत नाही.

ट्रान्समीटर घेण्याआधी मोड १ की मोड २ ते ठरवा. मोड २ मध्ये थ्रॉटल डाव्या हाताला, मोड १ मध्ये उजव्या. चांगलं-वाईट काही नाही, पण तुम्हाला जी व्यक्ती शिकवणार तिचा मोड असेल तोच घ्या. नंतर बोटांची सवय बदलणं फार त्रासाचं.

कागदी_विमान

काका, ताई, सोल्डरगन, फोमशीट, सगळ्यांचे मनापासून आभार. डायहेड्रलचं कारण पहिल्यांदाच नीट कळलं.

ठरलं असं: मोड २ चा सहा चॅनल ट्रान्समीटर, सिम्युलेटर, तीन चॅनलचं बाल्साचं हाय-विंग (पंख वरच्या बाजूला), १.३ मीटर. पंखाची रुंदी २२ सें.मी. सपाट पोटाचा एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार), क्लार्क वाय सारखा. तो का सुचवतात?

बाल्साचा_भुसा

क्लार्क वाय १९२२ चा आहे, खऱ्या विमानांसाठी काढलेला. मॉडेलवाल्यांनी तो डोक्यावर घेतला त्याला सुताराचं कारण आहे: त्याचं पोट पुढच्या एक तृतीयांशानंतर अगदी सपाट असतं. फासळ्या थेट पाटावर बसतात, पंखाला पीळ पडत नाही. शिवाय कमी वेगाला उचल भरपूर आणि स्टॉल (वेग फार कमी होऊन उचल तुटणं) सौम्य. तुमच्या मापाला पंखाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठावीस चौरस डेसिमीटर येतं. ११०० ग्रॅमला दर डेसिमीटरला ३८-३९ ग्रॅम भार. सरळ उड्डाणात ते ताशी २५-२६ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होईल, म्हणजे उतरताना सायकलच्या वेगाने येईल. ट्रेनरला छान.

आता हत्यारं. तुमच्याकडे बरीच असतील. पाट मात्र खरोखर सपाट हवा, काच ठेवून तपासा. त्यावर टाचण्या टोचता याव्यात म्हणून मऊ बोर्ड, त्यावर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक, नाहीतर पंख नकाशालाच चिकटतो. कटरची पाती भरपूर घ्या, बोथट पातं बाल्सा कापत नाही, चिरडतं. लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर ताणून चिकटवा, हातात धरून घासलं की कडा गोल होतात. गुण्या, धातूची पट्टी, छोटी करवत. आणि एक ग्रॅमपर्यंत वाचणारा वजनकाटा. हा शेवटचा लोक विसरतात.

बाल्सा सारखा नसतो. एकाच मापाची ३ मि.मी. जाडीची, तीन इंच रुंद, तीन फूट लांब शीट एक २० ग्रॅम भरते तर दुसरी ४० च्या वर. दुकानात उचलून बघा, घरी मोजून तिच्यावर पेन्सिलीने वजन लिहा. जड आणि ताठ ती स्पारला (पंखाच्या लांबीभर जाणारा कणा), फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) कडांना. हलकी ती शेपटीला. शेपटीला हलकीच, कारण शेपूट गुरुत्वकेंद्रापासून ६०-६५ सें.मी. लांब आणि नाक २५ सें.मी. शेपटीत १० ग्रॅम जास्त झाले की नाकात २५ ग्रॅम शिसं घालावं लागतं.

गोंद तीन प्रकारचे ठेवा. पांढरा गोंद फासळ्यांना, सावकाश वाळतो आणि घासायला सोपा. इन्स्टंट ग्लू पटकन धरण्यासाठी, खिडकी उघडी ठेवून आणि चष्मा लावून. कापसाच्या कपड्यावर सांडला तर चटका बसेल इतका तापतो, सांभाळा. आणि इपॉक्सी, तीस मिनिटांचा, मोटर बसते त्या प्लायच्या फळीला आणि पंखाच्या मधल्या जोडाला. तिथे घाई केलेली चालत नाही.

कागदी_विमान

(पाच आठवड्यांनी)

फ्यूजलाज उभा राहिला, शेपूट झाली, पंखाचे दोन अर्धे तयार आहेत. सिम्युलेटरवर रोज अर्धा तास. दोन शंका. एक, मधला जोड करताना कोन कसा पकडायचा? दोन, उजव्या अर्ध्याला किंचित पीळ आलाय, मागची कडा टोकाला ५ मि.मी. वर आहे.

बाल्साचा_भुसा

तीन चॅनलला प्रत्येक बाजूला ५ अंश. एक अर्धा पाटावर सपाट दाबून ठेवा, दुसऱ्याच्या टोकाखाली ११ सें.मी. चे ठोकळे. आधी न चिकटवता बसवा, जोडाच्या तोंडाशी कोन घासून फट बंद करा, मधली प्लायची पट्टी बसते का बघा, मग इपॉक्सी. रात्रभर हात लावू नका.

पीळ म्हणालात तो खरं तर चांगल्या दिशेचा आहे. टोकाला मागची कडा वर असली की टोक उशिरा स्टॉल होतं, विमान एकदम कुशीवर पडत नाही. याला वॉशआउट म्हणतात. फक्त दोन्ही बाजूंना सारखा करा. फिल्म (सांगाड्यावर इस्त्रीने चिकटवायचं प्लास्टिकचं आवरण) चढवताना डावं टोक त्याच मापाने पिळून धरा आणि इस्त्री फिरवा, फिल्म आकसली की पीळ तसाच राहतो. एका बाजूला असला आणि दुसऱ्या बाजूला नसला तर विमान कायम एका अंगाला ओढेल.

सोल्डरगन

वायरिंगला हात लावाल तेव्हा प्रॉपेलर काढलेला हवा. नेहमी. रिसीव्हरची ट्रान्समीटरशी जोडी लावताना, थ्रॉटलची दिशा तपासताना, ईएससीला थ्रॉटलची हद्द शिकवताना, एकदाही अपवाद नाही. माझ्या ओळखीत एकाला टेबलावर फिरलेल्या प्रॉपने बोटाला सात टाके पडलेत.

ट्रान्समीटर आधी चालू, शेवटी बंद. फेल-सेफमध्ये (सिग्नल तुटला तर काय व्हावं ती सेटिंग) थ्रॉटल शून्य ठेवा आणि खरोखर ट्रान्समीटर बंद करून बघा की मोटर थांबते (विमान बांधून ठेवा, प्रॉप नाहीच). रिसीव्हरला दोन अँटेना असतील तर एकमेकींना काटकोनात, बॅटरीपासून लांब.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबद्दल सगळ्यांनी वाचा. चार्ज २.२ अँपिअरने, बॅलन्स लीड (प्रत्येक सेल सारखा भरण्यासाठीची बारीक वायर) लावूनच, न जळणाऱ्या जागी, आणि तुम्ही त्या खोलीत असताना. सेल ३ व्होल्टखाली गेला की संपला. म्हणून टायमर लावा: पूर्ण क्षमतेतली ८० टक्केच वापरायची, म्हणजे १७६० मिलिअँपिअर-तास. सरासरी १२ अँपिअरला पावणेनऊ मिनिटं होतात, तुम्ही सुरुवातीला पाच वरच उतरा. न वापरता ठेवायची तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा, भरलेली आठवडाभर पडू देऊ नका. फुगली, पडली, चेपली, तर वापर बंद.

फोमशीट

इंजिनाचा प्रश्न राहिलाच. मिथेनॉल आणि तेलाच्या इंधनाची ग्लो इंजिनं मस्त असतात, आवाज आणि वास दोन्ही. पण ट्यूनिंग, स्टार्टर, तेल पुसणं, त्यात उडवायचं शिकणं मागे पडतं. पहिल्याला मोटर.

कागदी_विमान

(आणखी तीन आठवड्यांनी)

विमान तयार! वजन १०६० ग्रॅम. फिल्म पिवळी वर, गडद निळी खाली, ताईंनी सांगितलं होतं की वर-खाली रंग वेगळे असले की हवेत कोणती बाजू दिसते ते कळतं. वॉटमीटरवर १९० वॉट. गुरुत्वकेंद्र पुढच्या कडेपासून ७ सें.मी. वर येतंय, नकाशात साडेपाच ते साडेसहा. अर्ध्या सेंटिमीटरने एवढा फरक पडतो का?

वाऱ्याकडे_तोंड

पडतो. पहिल्या उड्डाणाआधी हे दुरुस्त केल्याशिवाय मैदानावर आणू नका. रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर तोल हवा, तुमच्याकडे तो ३२ वर गेलाय. नाकाला जड विमान आळशी उडतं, पण उडतं. शेपटीला जड विमान नाक वर काढतं, तुम्ही दाबता, ते जास्तच दबतं, आणि तिसऱ्या हेलकाव्याला जमिनीवर असतं. बॅटरी पुढे सरकवून बघा, शिसं घालायची गरज कदाचित पडणार नाही. तोल बघताना विमान बॅटरीसकट, पंखाखाली दोन बोटं देऊन उचला.

मग दिशा. विमानाच्या मागे उभं राहून: स्टिक मागे ओढली की एलेव्हेटर वर, उजवीकडे नेली की रडर उजवीकडे. हे बोलून, बोट दाखवून तपासा, "बरोबर वाटतंय" म्हणून नाही. मी एकदा दुसऱ्याचं उलट्या एलेव्हेटरचं विमान सोडलं होतं. तपासलंय असं तो म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. तेव्हापासून प्रत्येक विमान मी स्वतः तपासते, कुणाचंही असो.

पंख रबरांनीच बांधा, दहा-बारा, शेवटची दोन फुलीत. पडलं तर पंख सुटून निघतो, तुटत नाही.

शिकवणारं कुणी असेल तर दोन ट्रान्समीटर जोडून उडवा, चूक झाली की ती व्यक्ती ताबा घेते. वारा ताशी १० किलोमीटरच्या आत, सूर्य पाठीशी, नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उड्डाण आणि उतरणं. आधी उंची घ्या. विमान तुमच्याकडे येतं तेव्हा डावं-उजवं उलटं वाटतं, तेव्हा जो पंख खाली गेला असेल त्याच्या बाजूला स्टिक द्या, म्हणजे तो उचलला जातो. आणि तुमच्या देशातले नियम आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी २५० ग्रॅमच्या वर नोंदणी लागते आणि उंचीची मर्यादा १२० मीटर असते.

कागदी_विमान

बॅटरी जवळपास ६ सें.मी. पुढे सरकवली, गुरुत्वकेंद्र बरोबर ६ वर आलं. शिसं नाही.

कागदी_विमान

(दहा दिवसांनी)

उडलं.

सकाळी सव्वासहाला मैदानावर गेलो, वारा जवळपास नव्हताच. क्लबमधल्या एका अनुभवी काकांनी जोड-ट्रान्समीटर आणला होता. दिशा मी तपासली, मग त्यांनी तपासली, मग रेंज. त्यांनी उडवलं, वर नेलं, दोन टिचक्या ट्रिम (स्टिक मध्ये असतानाची बारीक दुरुस्ती) दिला आणि म्हणाले, घ्या. स्टिकवर माझी बोटं होती आणि ते माझं ऐकत होतं. चार फेऱ्या मी घेतल्या. दोनदा त्यांनी ताबा घेतला, दोन्ही वेळा विमान माझ्याकडे येत असताना. पंख उगवत्या उन्हात पारदर्शक दिसला, फिल्ममधून फासळ्या मोजता येत होत्या. उतरवलं त्यांनी. उरलेलं व्होल्टेज सेलला ३.८२.

एक शंका. पूर्ण थ्रॉटलला विमान डावीकडे जातं, अर्ध्या थ्रॉटलला सरळ. ट्रिम देऊ का?

बाल्साचा_भुसा

अभिनंदन! दोनदा वाचलं.

ट्रिम नको. थ्रॉटलबरोबर बदलणारा दोष मोटरच्या जोराचा असतो, ट्रिम दिलात तर अर्ध्या थ्रॉटलला उजवीकडे जाईल. मोटरच्या डाव्या बाजूच्या दोन स्क्रूंखाली एकेक पातळ वॉशर घाला, मोटर एक-दोन अंश उजवीकडे वळेल. नाक पूर्ण थ्रॉटलला वरही जात असेल तर वरच्या बाजूलाही एकेक. आणि स्क्रू परत घट्ट झालेत ना ते बघा, पहिल्या उड्डाणानंतर प्लायवरचे स्क्रू सैल होतात.

वाऱ्याकडे_तोंड

आणि "माझ्याकडे येताना" हा सिम्युलेटरवर रोज दहा मिनिटांचा धडा करा. फक्त तेवढाच, स्वतःकडे येणारं विमान, आठच्या आकारात. दोन आठवड्यांत ताबा घ्यावा लागणार नाही.

कागदी_विमान

वॉशर घातले. दोन स्क्रू खरंच अर्धा फेरा सैल होते. उद्या पहाटे वारा कमी आहे म्हणतात. एक बॅटरी चार्जिंगला लावलीय, समोरच बसलोय, सिम्युलेटरवर आठ काढतोय.